किण्व : रानटी, पाळीव आणि घडविलेले

आमच्या घरोघरी हजारो वर्षे राबत असलेला, परंतु ज्याचे नाव आम्ही क्वचितच घेतो, असा एक जीव आहे. जिलबीचे पीठ रात्री भिजवून ठेवले की ते सकाळी फुगून येते; ताडावरून पहाटे उतरविलेली गोड नीरा ऊन चढू लागले की फेसाळते आणि तिची ताडी होते; पाववाल्याच्या परातीतील गोळा घटकाभरात दुप्पट होतो. या साऱ्या कामांत ज्याचा हात असतो त्यास आज आपण यीस्ट म्हणतो. आमच्या पूर्वजांनी त्याला किण्व म्हटले होते. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना किण्वाचा विचार केला आहे. चार्वाकांना तर त्याने तत्त्वज्ञानाचा दृष्टांत पुरविला. धान्यात नाही, गुळात नाही, अशी मादकता किण्वाच्या योगाने उत्पन्न होते; त्याचप्रमाणे जड भूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होते, असे ते म्हणत. किण्व स्वतःच सचेतन आहे हे त्यांना ठाऊक असते, तर त्यांनी कदाचित दुसरा दृष्टांत शोधला असता!

गोव्यात पोर्तुगीज आले, तेव्हा त्यांना पाव हवा होता, पण तो फुगविण्याचे युरोपातील साधन येथे नव्हते. ती अडचण माडाच्या सुरेने भागविली आणि गोव्याचे पोदेर पिढ्यान् पिढ्या सूर घालूनच पाव भाजत आले. सुरेत हे किण्व कोणी घातले? कोणीच नाही. ते झाडावर, हवेत, मडक्याच्या भिंतीवर, कीटकांच्या अंगावर आपोआप वसत होते. हे रानटी किण्व.

आज प्रश्न उभा आहे तो निराळ्याच किण्वाचा. प्रयोगशाळेत ज्याची जनुके बदलली आहेत, अशा यीस्टकडून औषधे आणि लसी करवून घेतल्या जातात आणि त्या तान्ह्या मुलांनाही टोचल्या जातात. हे ऐकून पुष्कळांच्या मनात शंका येते. निसर्गाने दिले ते निर्मळ आणि माणसाने ढवळाढवळ केली ते अपायकारक, असा एक समज आहे. विज्ञानशाळेतून आले ते हितकारकच असले पाहिजे, असा दुसराही समज आहे. आमच्या मते हे दोन्ही समज इतिहासाला धरून नाहीत. म्हणून किण्व आणि माणसाचे आरोग्य यांच्या संबंधाचा इतिहास थोडक्यात पाहावा, असा आमचा विचार आहे.

या इतिहासाचा आरंभ एका वादाने होतो. हॉलंडमधील लेवेनहूक याने १६८० साली आपल्या भिंगाखाली बिअरचा थेंब ठेवला आणि त्यात त्याला बारीक गोल कण दिसले; पण ते सजीव आहेत असे त्याच्या ध्यानात आले नाही. त्यानंतर दीडशे वर्षे लोटली. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार-लातूर आणि जर्मनीत श्वान यांनी स्वतंत्रपणे सांगितले की हे कण जिवंत आहेत, ते वाढतात, त्यांना अंकुर फुटतात आणि साखरेचे मद्य होते ते त्यांच्याच जीवनव्यापारामुळे. त्या काळचे रसायनशास्त्राचे महारथी लीबिग आणि व्होलर यांना हे मुळीच पटले नाही. त्यांच्या मासिकात १८३९ साली एक निनावी विडंबन छापून आले. त्यात यीस्ट म्हणजे दारू गाळण्याच्या भांड्याच्या आकाराचे प्राणी असून ते एका बाजूने साखर खातात व दुसऱ्या बाजूंनी मद्य आणि वायू विसर्जित करतात, असे वर्णन होते. थोरांनी थट्टा केली की सत्यालाही काही काळ तोंड लपवावे लागते. तसे येथे झाले.

हा वाद लुई पाश्चर यांनी मिटवीत आणला. १८५६ साली ते लील येथे प्राध्यापक असताना बीटपासून मद्यार्क काढणारा एक कारखानदार त्यांच्याकडे आला. त्याची काही पिंपे बिघडत होती. पाश्चर यांनी चांगल्या आणि बिघडलेल्या पिंपांतील रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चांगल्यात गोल यीस्ट होते. बिघडलेल्यात त्याहून बारीक, काडीसारखे जंतू होते. एका जीवाने मद्य होते, दुसऱ्याने ते आंबट होते. तर मग माणसाचे शरीरही अशाच एखाद्या सूक्ष्म जीवाने बिघडत नसेल काय? या प्रश्नातून पुढे रोगजंतूंचा सिद्धांत उभा राहिला आणि तोच धागा धरून लिस्टर यांनी शस्त्रक्रियेच्या जखमा जंतुनाशकाने स्वच्छ ठेवण्याची रीत घातली. बाळंतघरातील हात धुण्यापासून शस्त्रक्रियागृहातील उकळलेल्या हत्यारांपर्यंत जी शिस्त आज आपण गृहीत धरतो, तिच्या मुळाशी हे बिघडलेले पिंप आहे.

यीस्टमध्येही जातिभेद आहे, हे पुढे डेन्मार्कमध्ये कळले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून वाढविलेले शुद्ध यीस्ट तयार केले. बिअर कडू आणि गढूळ होते ती हवेतून शिरलेल्या रानटी यीस्टमुळे, हे त्यांनी दाखविले. रानटी आणि पाळीव हा भेद येथून शास्त्रात रूढ झाला. गाय पाळली, घोडा पाळला, तसे माणसाने यीस्ट जाणूनबुजून पाळले ते या दिवसापासून.

आता आम्ही वाचकांना मुंबईस घेऊन जातो. कारण या इतिहासातील एक अत्यंत मोलाचे पान परळला लिहिले गेले आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या एका तीव्र पंडुरोगाचा शोध घेण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि हाफकिन संस्थेत त्या ते करीत. शहरातील गरीब वस्त्यांत आणि गिरणीकामगारांच्या घरी हा रोग फार होता. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, पण आकाराने मोठ्या होत. आणि अनेक बायका बाळंतपणापूर्वी किंवा बाळंतपणात दगावत. हा जंतूंचा प्रताप असावा, असा काहींचा तर्क होता. विल्सबाईंनी जंतूंबरोबरच ताटाकडेही पाहिले. या स्त्रियांच्या आहारात पालेभाजी, फळे, दूध यांची मोठी उणीव होती.

त्या सुमारास अशाच दिसणाऱ्या एका पंडुरोगावर यकृत हा उपाय अमेरिकेत सापडला होता. परंतु यकृताचा शुद्ध केलेला अर्क मुंबईच्या या स्त्रियांना लागू पडेना. म्हणजे त्यांच्या शरीराला हवे होते ते द्रव्य निराळेच होते. विल्सबाईंनी उंदरांवर आणि माकडांवर आहाराचे प्रयोग केले. एका आजारी माकडाला मार्माइट चारून पाहिले आणि ते सुधारले. मार्माइट म्हणजे काय? इंग्लंडात बर्टन येथील बिअरच्या भट्ट्यांत काम संपलेले जे यीस्ट उरे, त्याचा काढलेला काळसर, खारट अर्क. १९०२ पासून तो स्वस्तात विकला जात होता. विल्सबाईंनी तो रोगी स्त्रियांना दिला. निस्तेज पडलेल्या स्त्रिया थोड्या दिवसांत उठून बसू लागल्या. १९३१ साली त्यांनी हा निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला.

यीस्टमधील ते अज्ञात द्रव्य काही वर्षे ‘विल्स घटक’ म्हणून ओळखले गेले. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक अॅसिड हे नाव मिळाले. पुढे ते कृत्रिम रीतीने तयार करण्याचे काम अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ज्या मंडळींनी केले, त्यांचे अग्रणी होते भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९७० पासून आपल्या देशात गरोदर स्त्रियांना लोह आणि फोलिक अॅसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यांतून देण्याची योजना चालू झाली. १९९१ साली हेही सिद्ध झाले की गर्भधारणेच्या आधीपासून हे द्रव्य पुरेसे मिळाल्यास अर्भकाच्या पाठीच्या कण्याचे एक भयंकर व्यंग पुष्कळ अंशी टळते. मद्याच्या भट्टीतील गाळ, परळची प्रयोगशाळा, एका माकडाचा आहार आणि आजच्या खेडेगावातील गर्भवतीच्या हातातील गोळी, यांना जोडणारी ही साखळी आहे. आपल्या शहरांतील किती जणांना ती ठाऊक असेल?

येथवरच्या हकिगतीवरून किण्व म्हणजे केवळ परोपकारी संतच, असा ग्रह होईल. तो दूर केला पाहिजे. आमच्या तोंडात, आतड्यात आणि कातडीवर कॅन्डिडा नावाचे यीस्ट बहुधा निरुपद्रवीपणे राहते. परंतु शरीराची प्रतिकारशक्ती खालावली, मधुमेह बळावला, किंवा प्रतिजैविक औषधांनी आतड्यातील इतर जंतू मारले गेले, म्हणजे हा शांत बिऱ्हाडकरू घरमालक होऊ पाहतो. क्रिप्टोकॉकस नावाचे दुसरे यीस्ट कबुतरांच्या विष्ठेत वाढते. ते श्वासावाटे शरीरात शिरते आणि दुर्बळ माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. एड्सच्या साथीत त्याने असंख्य बळी घेतले. ही दोन्ही यीस्ट कोणी प्रयोगशाळेत बनविलेली नाहीत. ती निसर्गाचीच लेकरे आहेत.

या शत्रूंशी लढण्याचा मानही अंशतः आपल्या भागाला आहे. न्यूयॉर्कमध्ये हेझन आणि ब्राऊन या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी १९५० साली निस्टॅटिन हे बुरशीनाशक औषध जगापुढे ठेवले. त्यानंतर दहाएक वर्षांत पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात थिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी कॅन्डिडावर चालणारे हॅमायसिन शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरीचे नाव गुंफलेले आहे.

पण लढाई संपलेली नाही. २००९ साली जपानमध्ये एका वृद्ध स्त्रीच्या कानात सापडलेल्या नव्या यीस्टचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे नाव कॅन्डिडा ऑरिस. थोड्याच वर्षांत ते भारतासह अनेक देशांतील इस्पितळांत दिसू लागले. त्याच्यावर अनेक औषधे चालत नाहीत आणि ते खाटा, नळ्या, हात यांवरून एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाते. २०२१ साली भारतीय शास्त्रज्ञांना ते अंदमानच्या किनाऱ्यावरील निर्जन दलदलीत आणि वाळूत आढळले. म्हणजे ते मूळचे रानातले असावे, या तर्काला बळकटी आली. माणसाच्या शरीराची ऊब बहुतेक बुरशींना सोसत नाही. पृथ्वीचे तापमान वाढल्यामुळे काही रानटी जातींना त्या उबेची सवय होत असावी, असे काही शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली धोकादायक बुरशींची यादी केली. तिच्या सर्वांत गंभीर गटात चार नावे आहेत आणि त्यांतील तीन यीस्टची आहेत.

एकाच जातीत दोन्ही गुण कसे नांदतात, याचे उत्तम उदाहरण बुलार्डी यीस्टचे. १९२० नंतर थोड्याच वर्षांत हेन्री बुलार हे फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात होते. पटकीच्या साथीत तेथील काही लोक लिची आणि मँगोस्टीन या फळांच्या साली उकळून ते पाणी पीत, असे त्यांनी पाहिले. त्या फळांवरील यीस्ट त्यांनी वेगळे काढले. अतिसारावर, विशेषतः प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या हगवणीवर, ते आजही देतात. परंतु ज्या रोग्याच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली असते किंवा ज्याची प्रतिकारशक्ती फारच खचलेली असते, त्याच्या रक्तात हेच यीस्ट शिरून जिवावर बेतल्याचीही उदाहरणे नोंदलेली आहेत. तेव्हा औषध कोणते आणि विष कोणते, हे जातीवरून ठरत नाही. ते कोणाच्या शरीरात, कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली, यावरून ठरते.

आता घडविलेल्या यीस्टकडे वळू. १९७८ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात यीस्टच्या पेशीत बाहेरून जनुक घालण्यात यश आले. हा प्रयोग यीस्टवरच का करावा? जंतूंच्या पेशीपेक्षा यीस्टची पेशी आपल्या पेशीला पुष्कळ जवळची आहे. तिला केंद्रक आहे आणि प्रथिनांची घडी घालण्याची आपल्यासारखी व्यवस्था आहे. हे साम्य किती आहे हे पुढे अधिक स्पष्ट झाले. १९९६ साली यीस्टची सुमारे सहा हजार जनुके वाचून झाली. २०१५ साली शास्त्रज्ञांनी यीस्टची जीवनावश्यक अशी चारशेहून अधिक जनुके एकेक करून काढून त्या जागी मानवी जनुके बसवून पाहिली. तेव्हा जवळजवळ निम्म्या बाबतींत यीस्ट जिवंत राहिले. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या भावाच्या घरातील किल्ली अजून आपल्या कुलपाला लागते, असाच हा प्रकार.

या साम्याचा पहिला मोठा लाभ ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या बाबतीत झाला. ही कावीळ आईकडून जन्मतःच मुलाला लागली, तर दहांपैकी सुमारे नऊ मुले ती जन्मभर वागवितात आणि पुढे त्यांतील कित्येकांचे यकृत निबर होते किंवा त्यास कर्करोग होतो. तिच्या विषाणूची खूण ब्लुमबर्ग यांना १९६५ च्या सुमारास सापडली. १९८१ साली अमेरिकेत लस निघाली. पण ती कशापासून? रोग वागविणाऱ्या माणसांच्या रक्तापासून. त्या रक्तातून विषाणूच्या बाहेरील प्रथिनाचे कण गाळून, शुद्ध करून, ते टोचीत. रक्त मिळेल तेवढीच लस. आणि त्याच वेळी एड्सचा उद्भव झाल्यामुळे रक्तापासूनच्या प्रत्येक औषधाची लोकांना धास्ती वाटू लागली. शुद्धीकरणाच्या रीतीत एड्सचा विषाणूही मरतो, हे पुढे सिद्ध झाले. पण भीती एकदा बसली की सहजी उठत नाही.

१९८२ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी या विषाणूचे फक्त एक जनुक, बाहेरील प्रथिनाचे, यीस्टमध्ये घातले. साध्या जंतूंना ते प्रथिन नीट घडविता आले नव्हते. यीस्टने मात्र ते घडविले, इतकेच नव्हे तर त्याचे गोळे केले, अगदी रोग्याच्या रक्तात आढळतात तसे, मिलिमीटरच्या सुमारे पंचेचाळीस हजाराव्या भागाएवढे. यीस्ट वाढवायचे, फोडायचे, गोळे शुद्ध करून घ्यायचे. १९८६ साली ही लस अमेरिकेत मान्य झाली. जनुकीय बदलाने तयार झालेली माणसांसाठीची ही पहिली लस. तिच्यात विषाणू नाही, रोग्याचे रक्त नाही आणि जिवंत यीस्टही नाही. यीस्टच्या प्रथिनांचा अल्प अंश राहतो. म्हणून ज्यास यीस्टचे तीव्र वावडे आहे त्याने ती घेऊ नये, एवढा इशारा डॉक्टर देतात. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या लसीला ‘नैसर्गिक’ म्हणता आले असते ती मानवी रक्तातून येत होती आणि जी ‘कृत्रिम’ ती पावाच्या भावंडाकडून आली. आणि लोकांची भीती दूर केली ती दुसरीने!

तैवानने १९८४ पासून नवजात मुलांना ही कावीळप्रतिबंधक लस देण्यास आरंभ केला. आधी रक्तापासूनची, पुढे यीस्टची. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण दर लाखास ०.७० होते; १९९० ते १९९४ या काळात ते ०.३६ वर आले. कर्करोगाला लसीने अटकाव करता येतो, याचा हा मोठा पुरावा ठरला.

आपल्याकडे अडचण होती किमतीची. परदेशी लस मध्यमवर्गाला परवडत नव्हती, मग गरिबांची काय कथा? हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली पिचिया नावाच्या यीस्टकडून ही लस करवून घेतली आणि परदेशी लसीच्या किमतीच्या अल्पांशात ती बाजारात आणली. इतर भारतीय संस्थाही पुढे आल्या. सरकारने २००२ साली काही ठिकाणी प्रयोगादाखल आणि २०११ पासून देशभर ही लस मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात घेतली. शोध परदेशी असेल. पण तो आमच्या पाळण्यापर्यंत आला तो येथील कारखानदारीमुळे.

मधुमेहाचे इन्शुलिनही असेच. पूर्वी ते डुकराच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९८७ पासून डेन्मार्कमध्ये ते यीस्टकडून करवून घेऊ लागले आणि २००४ साली बंगलोरच्या बायोकॉनने पिचियापासून केलेले मानवी इन्शुलिन भारतात आणले.

सर्वच प्रयोग असे फळास आले, असे मात्र नाही. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध एका वनस्पतीपासून मिळते. ते यीस्टकडून करवून घेण्यासाठी अमेरिकेत अनेक वर्षे खटपट झाली. २०१३ साली युरोपात कारखान्यातून उत्पादनही निघाले. पण शेतातल्या वनस्पतीपासूनचे औषध स्वस्त झाले आणि यीस्टचा कारखाना बाजारात टिकला नाही. विज्ञानाचे यश आणि व्यवहाराचे यश ही दोन निराळी आहेत. दुसरीकडे, २०१५ साली अफूच्या वर्गातील वेदनाशामक यीस्टमध्ये तयार करून दाखविण्यात आले. त्या वेळी एका मात्रेसाठी हजारो लिटर यीस्ट लागले असते. पण हे प्रमाण सुधारले, तर घरच्या पिंपात बिअर होते तशी अफू होऊ लागेल काय, हा प्रश्न तज्ज्ञांनी त्याच वर्षी उघडपणे विचारला. अशा जातींवर कुलूप, नोंद आणि कायदा हवा, असे त्यांनी सुचविले. शंका घेण्याचे खरे ठिकाण हे आहे. यीस्ट बदलले याने घाबरण्यापेक्षा, बदललेले यीस्ट कोणाच्या हाती आहे हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

शेवटी पुन्हा आपल्या प्रांतात येऊ. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी हिवतापावर आर-२१ ही लस रचली. तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते, आणि तेही यीस्टमध्येच. त्यात काविळीच्या त्याच प्रथिनाला हिवतापाच्या परोपजीवीच्या प्रथिनाचा एक तुकडा जोडलेला असतो. म्हणजे १९८२ सालचा गोळा आता दुसऱ्या रोगाचा पाहारेकरी झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये या लसीची शिफारस केली आणि जुलै २०२४ पासून ती आफ्रिकेतील मुलांना नित्याच्या लसीकरणात मिळू लागली. परळमध्ये विलायतेतील मद्यभट्टीचा गाळ आमच्या बायकांच्या उपयोगी पडला होता. आता पुण्यातील यीस्ट आफ्रिकेच्या मुलांच्या उपयोगी पडत आहे. हे ऋण अशा रीतीने फिटते, याचे आम्हांस समाधान वाटते.

या इतिहासाचे तात्पर्य काय? रानटी म्हणून किण्व वंद्य नाही आणि घडविलेले म्हणून निंद्य नाही. याच्या उलटही खरे नाही. विल्सबाईंनी नुसते जंतू पाहिले नाहीत, रोग्याचे ताटही पाहिले. लसीच्या कर्त्यांनी यीस्टवर भाबडा विश्वास ठेवला नाही, तर प्रत्येक पायरीवर ते गाळून, मोजून, तपासून घेतले. नागरिकानेही तसेच करावे. कोणी नवी लस वा औषध पुढे केले की तीन गोष्टी विचाराव्यात : यात नेमके काय आहे? ते कोणी आणि कसे तपासले? आणि ते गरजूच्या हाती परवडेल अशा किमतीत पोचेल काय? या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर आपल्या नातवंडाचा दंड पुढे करताना आजीने कचरू नये. आणि मिळाली नाहीत, तर कितीही मोठ्या नावाला भुलू नये.